हात मळेपर्यंत

प्लेट रिकामी निघाली आणि खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या, जरा उशिरा. रबरी हातमोजे घालून वाजवलेल्या टाळीला आवाज नसतो, नुसती फतफत होते, म्हणून तो उशीर कुणाच्या हिशेबात आला नाही. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी गोल डबी, तळाशी पोषक जेलीचा थर. त्या थरावर आज सकाळी पिवळ्या ठिपक्यांची दाटी असायला हवी होती. गेली कित्येक वर्षं ती असायचीच. कधी विरळ, कधी घट्ट, पण उबवणीपेटी उघडली की ठिपके मोहरी सांडल्यासारखे वर आलेले असत आणि ती ते पेनाच्या टोकाने टिपत मोजायला बसे. आज जेली धुतलेल्या काचेसारखी लख्ख होती आणि तिच्यातून पलीकडचा माणूस आरपार दिसत होता. पलीकडे चांदीवाला होता. “गेला!” तो ओरडला. “अखेर जावई गेला एकदाचा! ताई, तुम्ही साक्षीदार. माझ्या पोरीच्या लग्नात झाला नव्हता एवढा आनंद झालाय मला.” “पोरीला सांगू का?” ती म्हणाली, आणि सगळे हसले. तिला बोलायला काहीतरी सुचलं याचंच तिला नवल वाटलं.

चांदीवाला हा कंपनीचा रसायनतज्ज्ञ. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात तो चिकणमातीचे इतके बारीक पदर मिसळे की साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसू नयेत, आणि त्या पदरांवर चांदीचे, झिंक ऑक्साइडचे त्याहून बारीक कण बसवी. कागदोपत्री त्याला नॅनोकंपोझिट म्हणत, पाहुण्यांना सांगताना जंतू मारणारा पापुद्रा म्हणत. दाराच्या मुठींना, दवाखान्यातल्या खाटांच्या कठड्यांना, जिथे जिथे माणसं हात लावतात आणि मागे काही ठेवून जातात तिथे तो गुंडाळायचा. तो पापुद्रा बनवी आणि ती त्यावर जंतूंचा थेंब सोडून बघे; म्हणजे एकाने भिंत बांधायची आणि दुसऱ्याने चोर सोडायचे. बाकीचे सगळे चोर पहिल्या दोन-तीन भिंतींतच मेले. हा एक मरेना. धातू आत शिरला की तो पंपाने उपसावा तसा बाहेर फेकी आणि सकाळी पुन्हा पिवळा, गुबगुबीत, हजर. तो तिच्या नवऱ्याच्या तळहातावरून आला होता हे प्रयोगशाळेत सर्वांना माहीत होतं. शिवाय त्याला खायला ताजं लागे, ऊब बेताची लागे, आणि काही केल्या तो जाण्याचं नाव घेत नसे. तेव्हा त्याला जावई म्हणायचं हे कुणी ठरवावं लागलंच नाही. “जावयाला काढा फ्रीजरमधून.” “जावई आज जेवला नाही वाटतं.” आणि जिन्यात कुणी भेटलं की, हळूच, “काय ताई, जावईबापू कसे आहेत?” ती म्हणे, “मजेत.” ते खोटं नव्हतं. फ्रीजरमध्ये तो मजेतच होता. दुसरा, ज्याच्या हाताचा तो होता, तोही मजेतच असावा. फक्त तो घरी नव्हता, आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आधी लाज म्हणून नाही सांगितलं, मग फार दिवस झाले म्हणून, आणि पुढे पुढे विनोद इतका मुरला की तो मोडायला तिचीच तयारी होईना.

केक आला. ती हातमोजे काढून बाजूला उभी राहिली आणि कोण कशाला हात लावतंय ते बघत राहिली. ही तिची धंद्याची खोड. माणसं तोंडाने काय बोलतात यापेक्षा बोटांनी काय करतात यावर तिचा भरवसा जास्त. सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, दार कोपराने ढकलत, जंतूंना भितात असं दाखवत, आणि मग त्याच बोटांनी नाक चोळून केक उचलत. चांदीवाला फोनवर अंगठा फिरवी, तो अंगठा चाटून फाईलचं पान उलटी. भांडी धुणारी मावशी मात्र हात पदराला पुसल्याशिवाय कशालाही शिवत नसे, पण त्या पदराविषयी न बोललेलं बरं. असा सगळ्यांचा हिशेब तिच्याकडे होता. नवऱ्याचाही होता. तो कुलपं-किल्ल्या करणारा. दिवसभर पितळेचा चुरा त्याच्या हाताच्या रेघांत बसे, साबणाने घासला तरी जात नसे, आणि भाकरी मोडताना, उशी सारखी करताना, तिच्या मानेवरचे केस बाजूला सारताना तो वास येई. पितळेचा वास, असं ती लग्नानंतर बरेच दिवस म्हणत असे. मग तिने कुठेतरी वाचलं की धातूला वास नसतोच. माणसाच्या कातडीवरच्या तेलाला धातू लागला की तिसरंच काही तयार होतं, त्याचा तो वास. म्हणजे तो वास त्याचाच होता, पितळेने नुसता बाहेर काढलेला. तो गेल्यावर तिने एकदा स्वैपाकघरातली पितळी पळी दोन्ही हातांत चोळून चोळून हुंगली होती. वास आला होता. पण तो तिचा होता.

तो पहिल्यांदा प्रयोगशाळेत आला तो रसायनांच्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून. त्यांचं लग्न नवं होतं, तिनेच सरांना सांगितलं, घरचाच माणूस आहे, बोलावते. त्याने तार घालून, कान लावून, जिभेचं टोक दातात धरून कुलूप उघडलं, आणि इथे एवढी काचेची कपाटं-बिपाटं बघून जरा रुबाब दाखवायचा म्हणून म्हणाला, “तुमच्याकडचे जंतू मला घाबरतील.” ती म्हणाली, “हात दे.” जेलीची प्लेट पुढे केली. त्याने तळवा दाबला, जरा जास्तच दाबला, जेली चिरली. दोन दिवसांनी त्या प्लेटवर हात उगवला. पाचही बोटं, अंगठ्याजवळच्या जुन्या जखमेची रेघ तेवढी रिकामी, आणि बाकी सगळा पिवळाधमक. तो घरी आणून त्याला दाखवणं नियमात बसत नव्हतं. म्हणून तिने त्यालाच पुन्हा बोलावलं. “हा तू,” ती म्हणाली. “मी एवढा पिवळा?” तो म्हणाला. “कावीळ झालीय का मला?” मग काचेवरून त्याने आपला हात त्या हातावर धरून बघितला, बरोबर बसतो का ते, आणि बसला म्हणून लहान मुलासारखा खूश झाला. तेव्हा त्या हातातला एक ठिपका तिने सुईने उचलून वेगळा वाढवला तो निव्वळ लाडाने. चांदीवाल्याचा पहिला पापुद्रा आला तेव्हा बाकीच्यांबरोबर हाही सोडून बघितला, आणि हा मेला नाही. तिला अभिमान वाटला होता. घरी जाऊन तिने सांगितलंही, “तू सगळ्यांत चिवट निघालास.” “मग?” तो म्हणाला. “कुलूपवाल्याचा जंतू आहे, दार उघडून आत जाणारच.”

पुढे तो एका बाईचं दार उघडायला गेला. त्या बाईची किल्ली हरवली होती. मग तिचं कपाट अडलं, मग गच्चीचं दार, मग पत्रांची पेटी. त्या बाईची कुलपं फार अडकायची. एका दुपारी स्वैपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून त्याने सरळ सांगितलं. लपवाछपवी त्याला जमत नसे, दुसऱ्यांची कुलपं उघडून उघडून असेल. ती म्हणाली, “जेवून जा.” तो जेवला आणि गेला. एवढंच झालं. भांडण नाही, कागद नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, फ्रीजर उघडला, आणि बर्फाळ वाफेतून हात घालून जावयाची कुपी बाहेर काढली. त्या दिवसापासून ती त्याला मारायला सोडी आणि सकाळी तो जिवंत सापडला की तिला बरं वाटे. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पगार त्याला मारण्याचा मिळत होता.

आता प्लेटवर जावई मेला तेव्हा पापुद्रा विकायला मोकळा झाला, आणि विकायचा म्हणजे बाहेरची तपासणी आली. तपासनीस बाई आल्या. गळ्यात चष्मा, पायात आवाज न करणारे बूट, आणि कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती जरा मागे ओढून बघण्याची सवय. त्यांनी फ्रीजरमधल्या कुप्या एकेक करून विचारल्या. हा कुठला, हा कुठला. सगळे रीतसर, मान्यताप्राप्त संग्रहातून मागवलेले. “आणि हा?” सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. “हा यांच्या मिस्टरांचा,” सर म्हणाले, आणि हसू दाबलं. बाई हसल्या नाहीत. “मिस्टरांची संमती?” “तोंडी आहे,” ती म्हणाली. “मूळ नमुना?” तिने रांगेतली शेवटची कुपी दाखवली. “ही मूळ नाही. ही अलीकडची आहे. पहिली कुपी कुठे?” पहिली कुपी संपली होती. मग दुसरी भरली, तीही संपली. दर वेळी नवी कुपी भरताना नियम असा की मूळ साठ्याकडे परत जायचं. तिने तसं केलं नव्हतं. पापुद्र्यावरून सकाळी जे ठिपके जगून वर येत, त्यांतूनच ती पुढची कुपी भरी. जगलेले पिवळे ठिपके समोर असताना फ्रीजरमध्ये हात घालून जुने काढायचे, हे तिच्या हातून होत नसे. “बरं,” बाई म्हणाल्या. “दोनच मार्ग. मिस्टरांचा ताजा नमुना घ्या, संमतीपत्र घ्या, हा आणि तो एकच आहेत असं दाखवा, मी नोंद करते. नाहीतर हा साठा नष्ट करा. घरचा माणूस म्हणून प्रयोगशाळेत ठेवता येत नाही.” सर म्हणाले, “अहो त्यात काय! संध्याकाळी घरी गेलात की लावा त्यांचा हात प्लेटला. चहा देताना लावा.” “लावते,” ती म्हणाली.

तीन-चार दिवस ती “राहिलंच बघा” म्हणत राहिली. मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन प्लेट स्वच्छ पिशवीत घालून ती त्याच्या दुकानी गेली. दुकान तिला माहीत होतं. त्या रस्त्याने ती जात नसे, इतकं पक्कं माहीत होतं. आधी वाटलं चुकले. कारण किल्ल्यांच्या माळा नव्हत्या, कानस नव्हती, ते किरकिरणारं यंत्र नव्हतं. काचेच्या फळीवर काळ्या, चकचकीत, बोट लावून उघडायच्या कुलपांची रांग होती, आणि त्यांच्यामागे तो, केस विरळ झालेले, शर्ट इस्त्रीचा. “तू?” तो म्हणाला. “कुलूप अडकलं का घरचं?” “नाही. चांगलं चालतं.” “चालणारच. मी बसवलंय.” तिने काम सांगितलं. जावई हा शब्द तिने वगळला, पण बाकी सगळं सांगितलं, पापुद्रा, तपासणी, संमती. ऐकता ऐकता त्याचा चेहरा फुलत गेला. “म्हणजे अजून जिवंत आहे तो? एवढी वर्षं? आणि तुम्ही रोज मारताय त्याला?” “रोज नाही.” “काय बाई आहेस तू,” तो म्हणाला, आणि ते कौतुक होतं की काय, तिला कळलं नाही. “घे. हात काय, पाय पण देतो.” असं म्हणत त्याने फळीवरची सॅनिटायझरची बाटली दाबली आणि दोन्ही हात फसाफसा चोळले. “अरे थांब!” ती एवढ्याने ओरडली की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं. तो तसाच, हात हवेत. “काय झालं? चांगलं काम आहे, हात स्वच्छ नको?” “स्वच्छ कसला, मेलास तू. सगळा मेलास. आता काय घेऊ मी?” “मग धुऊन येऊ?” “धुऊ नकोस! काही करू नकोस. जसा आहे तसा हवा होता मला.” हे बोलून झाल्यावर दोघांनाही ऐकू आलं. तो बाटलीकडे बघू लागला. “हिची सवय,” आतल्या दाराकडे मान करत तो म्हणाला. “दर गिऱ्हाइकानंतर लावायला लावते. आता आपोआपच लागतं. मग उद्या येतेस?” उद्या. उद्या ती आली नसती, हे तिला ठाऊक होतं. “थांबते,” ती म्हणाली. “हात मळेपर्यंत.”

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर ती बसली. मांडीवर प्लेटची पिशवी. तो कामाला लागला, आणि ती बघू लागली, तो कशाला हात लावतो ते. उघडपणे बघत होती, कारण आज ते तिचं कामच होतं. घरी असताना असं टक लावून बघितलं असतं तर त्याने विचारलं असतं, काय बघतेस. कुलूप. फोन. कुलपाचा पुठ्ठ्याचा खोका. कान, कानामागे खाजवायची खोड अजून होती. पुन्हा कुलूप. चहाचा पेला, तो पेल्याला अजून वरून, काठाच्या खाली बोटं लावून धरी. एक म्हातारा गिऱ्हाईक आला, त्याने हात मिळवला. चला, ते एक बरं झालं. मान. परत फोन. तिचं लक्ष त्या बोटांवर होतं आणि बोटांवर काय काय येऊन बसत असेल याची जमा मनात होत होती, पण त्याच वेळी, कुठेतरी खाली, दुसरीच वजाबाकी चाललेली होती. नखं स्वच्छ. रेघा स्वच्छ. अंगठ्याजवळचा तो कडक, चिरलेला भाग, ज्याने तो तिच्या पाठीवरून हात फिरवी तेव्हा ब्लाउजाचा धागा अडकायचा, तो आता गुळगुळीत होता, एखाद्या कारकुनाचा असावा तसा. कानस चालवणारा हात काम नसलं की टेबलावर पालथा पडून असायचा, थकलेल्या जनावरासारखा. हा सारखा काहीतरी पुसत होता. “घरी कोण असतं?” त्याने कुलपाकडे बघत विचारलं. “मी असते.” “ते झालंच.” “मग झालंच.” तो हसला. “तू बदलली नाहीस.” “बदलायला कुणी सांगितलं नाही.” आतून एका बाईचा आवाज आला, “अहो, कोण आलंय?” तो म्हणाला, “प्रयोगशाळेतून आलेत.” आणि त्याने तिच्याकडे असं बघितलं की सांभाळून घे. तिने घेतलं. खोटं तरी काय होतं त्यात.

बराच वेळ गेला. स्टूल टणक होतं, ऊन पायावर आलं, आणि तिच्या लक्षात आलं की तिला इथून उठायचं नाहीये. तो समोर काहीबाही हाताळतोय, ती बघतेय, त्याचा हात हळूहळू त्याचा होतोय, आणि घाई कुणालाच नाही. संसारातसुद्धा अशी दुपार कधी मिळाली नव्हती. मग त्यानेच विचारलं, “झाला असेल का गं मळून?” “दे,” ती म्हणाली. तिने हातमोजे चढवले, प्लेट उघडली, आणि त्याचं मनगट धरून तळवा जेलीवर टेकवला. रबरातूनही मनगट गरम लागलं. ती नाक जवळ नेणार नव्हती. नेलं. लिंबाच्या वासाचा सॅनिटायझर आणि पुठ्ठा. “दाबू?” “हळू. चिरते ती.” संमतीपत्रावर त्याने सही केली आणि नात्याच्या रकान्यात पेन थांबवलं. “इथे काय लिहू?” “नमुना देणारा,” ती म्हणाली. “तेवढं पुरतं.”

दोन दिवसांनी त्या प्लेटवरही हात उगवला. ती सकाळी लवकर आली होती, सगळ्यांच्या आधी. हात होता, पण फिका. पांढुरके, राखी, गुलाबीसर, नाना तऱ्हेचे ठिपके, जत्रेतल्या माणसांसारखे एकमेकांना ओळख नसलेले. करंगळीच्या खाली मात्र दोन पिवळे होते. तिचा जीव त्या दोघांत गोळा झाला. तिने ते सुईने उचलले, वाढवले, आणि जुनीच चाचणी लावली: चांदीवाल्याच्या अगदी पहिल्या, टाकाऊ पापुद्र्यावर दोघांना शेजारी शेजारी सोडलं, एकीकडे फ्रीजरमधला जावई, दुसरीकडे हा ताजा. सकाळी जावयाची बाजू गच्च पिवळी होती. ताज्याच्या बाजूला जेली रिकामी. चांदीवाला खांद्यावरून वाकून म्हणाला, “हे काय ताई, जावईबापू मऊ पडले! खायला घालत नाही वाटतं?” आणि मग, कारण तो थट्टेखोर असला तरी आपल्या कामात पक्का होता, जरा वेळाने म्हणाला, “नाही हो. हा तो नव्हेच. म्हणजे असेल, मूळ असाच असेल, साधा, चारचौघांसारखा. पहिल्यांदा थोडा चिवट निघाला, तेवढंच. पुढचा सगळा चिवटपणा इथला आहे. तुम्ही दर वेळी मरणातून उठलेलेच पुढे वाढवत गेलात ना? मग ते काय, त्यांच्या हाताचे थोडेच राहणार. तुमच्या हातचे झाले.” तो सहज बोलला आणि आपल्या टेबलाकडे गेला. त्याला वाटलं त्याने एक शंका सोडवली.

ती बसून राहिली. एवढी वर्षं तिला वाटत होतं की तो कितीही बदलला, जाडा झाला, दुसरीकडे निजला, तरी त्याच्यातलं ते एक, पिवळं, हट्टी, पितळेच्या वासाचं, तिने वेळेवर वेगळं काढून गोठवून ठेवलंय. हरवलं ते बाहेर. आत सुरक्षित आहे. आणि आत रोज मारून, रोज जगलेलं तेवढंच निवडून, तिने भलतंच कुणी वाढवलं होतं. कानस सोडून बोटाचं कुलूप विकणारा तो साधा माणूस खरा होता. कधीही हार न मानणारा, कधीही न जाणारा तो तिचा होता. आणि तरीही, हे सगळं नीट कळूनही, तिचा जीव ओढला गेला तो त्या गच्च पिवळ्या बाजूकडेच, दुकानातल्या माणसाकडे नाही. याची तिला थोडी लाज वाटली. मग तीही वाटेनाशी झाली.

“जुळत नाही,” तिने सरांना सांगितलं. “मग नष्ट करा,” सर म्हणाले, आणि लगेच, “नाव मात्र राहील हो त्यांचं, आपण एवढी वर्षं वापरला.” नष्ट करायचं म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरात घालायचं, उरलेल्या कुप्या, वाढवलेल्या प्लेट, सगळं जाड पिशवीत बांधून. ते काम मावशीचं, पण साठा मोजून पिशवीत टाकायचा तो तिनेच. कुप्या गेल्या. प्लेट एकेक गेल्या. शेवटची तिने कालच लावलेली होती, कशाला लावली ते विचारायला कुणी नव्हतं. सबंध जेलीवर पसरून, कडेपासून कडेपर्यंत, पिवळ्या साईसारखी. मावशी कुकराच्या झाकणाचे स्क्रू सैल करत पाठमोरी होती. तिने उजव्या हाताचा मोजा काढला. नोकरी लागल्यापासून, शिकाऊ असल्यापासून, तिने उगवलेल्या प्लेटला कधी उघडं बोट लावलं नव्हतं. लावणाऱ्यांना ती रागावत असे. तिने तळवा सपाट करून त्या पिवळ्यावर ठेवला. गार लागलं. मग मऊ. जेली जरा दबली आणि खालून हाताला भिडली, आणि काही क्षण तिला असं वाटलं की पलीकडूनही कुणी हात लावलाय. “ताई, आण गं लवकर, पाणी तापलं,” मावशी म्हणाली. तिने हात उचलला. पिवळ्यात तिचा हात उमटला होता, रेघांसकट. झाकण लावून तिने प्लेट पिशवीत टाकली, तोंड बांधलं, दिलं. मावशीने पिशवी आत सोडली, झाकण आवळलं, आणि हात पदराला पुसले. बेसिन तीन पावलांवर होतं. साबण होता, नळ होता, वर भिंतीवर हात कसे धुवावेत त्याची चित्रं होती, ती तिनेच लावलेली. ती दाराजवळून वळली आणि आपली रोजची पिशवी डाव्या खांद्याला अडकवून बाहेर पडली.

बसला गर्दी बेताची होती पण बसायला जागा नव्हती. उभ्या दांड्यांवर चांदीवाल्याचा नवा पापुद्रा गुंडाळलेला होता, कालपासूनच, चाचणीसाठी. किंचित राखाडी, मऊसर, शेजारी चिठ्ठी, हा दांडा स्वतःच स्वच्छ राहतो. माणसं बिनघोर धरून उभी होती. तिने डाव्या हाताने धरला. उजवा हात तिने अंगापासून दूर, पोटासमोर, वर तळवा करून धरला होता, बोटं किंचित मिटलेली, ओंजळीतलं सांडू नये तशी. परक्या कातडीवर ते जंतू टिकत नाहीत, उद्या सकाळपर्यंत काही उरायचं नाही, हे तिच्याइतकं त्या बसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. वळणावर ती झोकांडली. खिडकीशी बसलेल्या एका बाईने वर बघितलं. “हाताला काय झालं हो? भाजलं?” “नाही.” “मग मुका मार असेल. तो वाईट, दिसत नाही.” बाई उठल्या, तिला ढकलतच जागेवर बसवलं. “बसा. आणि कुठे लावू नका उगाच. जपा त्याला.”

“जपते,” ती म्हणाली, आणि हात मांडीवर उताणा ठेवून खिडकीबाहेर बघू लागली. तिचा थांबा आला, बस थांबली, इतर माणसं उतरली, दार लागलं.